डोमाजीची बिनविरोध विज्ञानकथा

फुलसावंगीत कोणालाही विचारा, डोमाजी कसा माणूस आहे? "मानूस चांगला हाय, पन..." एवढं म्हणून समोरचा गडी पान थुंकायला वळतो. त्या 'पन'च्या पुढं जे आहे ते सांगायला अर्धा दिवस लागतो, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत अर्धा दिवस कोणाकडं असतो? तेव्हा इथंच सांगून टाकलेलं बरं.

डोमाजीनं उभी हयात महागावकडच्या एका जिनिंगच्या धरमकाट्यावर काढली. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन करायचं, पावती फाडायची आणि पुढची गाडी चढेपर्यंत विज्ञानकथा वाचायची. रद्दीतून आणलेले दिवाळी अंक, कव्हर गेलेली पुस्तकं. कशाला सुरुवात नसायची तर कशाला शेवट. शेवट नसला की डोमाजी स्वतःच्या मनानं लावायचा. एवढ्यावर भागलं असतं तरी कोणाचं काही बिघडलं नसतं. पण वाचलेलं पोटात ठेवायची त्याला सवयच नव्हती. एकदा एका पाटलाची गाडी काट्यावर उभी असताना हा सहज बोलून गेला, "पाटील, हाच कापूस चंद्रावर मोजला तं सहावा हिस्साच भरन बरं."

झालं! पाटील गाडीवरून खाली उतरला. "सहावा हिस्सा? कोनाच्या बापाचा काटा हाय थो चंद्रावरचा?" मागच्या गाड्यांवाले जमले. चंद्रावरचा भाव काय आहे हे कोणीच विचारलं नाही, पण वजनात मार आहे एवढं सगळ्यांना पटलं. डोमाजी जसजसा गुरुत्वाकर्षण समजावायला गेला तसतसे लोक जास्तच भडकले. शेवटी मालकाला बाहेर यावं लागलं, आणि आपल्या जिनिंगमध्ये चंद्राचं वजन चालत नाही, पृथ्वीचंच चालतं, असं त्यानं हात जोडून सांगितलं तेव्हा कुठं गाड्या पुढं सरकल्या. त्या दिवसापासून डोमाजीचं नाव पडलं 'चंद्रकाटा'.

नोकरी संपल्यावर माणसं भजनाला जातात, तुरीची राखण करतात, सुनेच्या वरणात मीठ शोधतात. डोमाजीनं विज्ञानकथा लिहायला घेतली. एकच लिहिली, पण घासूनपुसून लिहिली. नाव ठेवलं 'वजन नसलेलं गाव'. आणि मग त्याच्या आयुष्यातला खरा वनवास सुरू झाला, तो म्हणजे वाचक शोधण्याचा.

मुलगा विक्की पुण्याला कंपनीत. त्याला पानापानाचे फोटो काढून पाठवले, तर त्यानं मोबाइलवर अंगठा पाठवला. एवढी लांबलचक कथा आणि बापाला अंगठा! शाळेतले इंद्रजित सर "वाचतो, वाचतो" म्हणत दोन पावसाळे फिरले. राहता राहिली घरची बायको, मथुराबाई. ती म्हणाली, "मंग तोंडानं सांगा ना. भाकरी थापता थापता आयकतो मी." डोमाजीला राग आला. "कथा वाचाची असते मथुरे! आयकाले थे काय कीर्तन हाय?" मथुराबाई म्हणाली, "मंग राहू द्या." आणि राहिलं ते राहिलंच.

डोमाजीला पैसा नको होता, हारतुरे नको होते. एका जित्याजागत्या माणसानं ती कथा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी, एवढंच त्याला पाहिजे होतं. माणूस देवाला मुलगा मागतो, पाऊस मागतो, कापसाला भाव मागतो. वाचक कोणी मागत नाही, त्यामुळं देवालाही हे मागणं कोणत्या खात्यातलं ते कळत नसावं.

आता विदर्भात विज्ञानकथा वाचणाऱ्या हौशी लोकांचं एक मंडळ आहे. वर्षातून एकदा त्यांचा मेळावा भरतो. परग्रहावरच्या लोकांसारखे पोशाख करून माणसं मिरवतात, यंत्रमानवाचं पुढं काय होणार यावर तावातावानं भांडतात, आणि ज्या गावी मेळावा भरतो तिथल्या उत्तम कथेला सभासदांच्या मतांनी पुरस्कार देतात. यंदाचा मेळावा फुलसावंगीला मिळाला. त्याचं कारण विज्ञान नव्हतं, पौष होता. पौषात लग्नं नसतात आणि बबनरावांचं मंगल कार्यालय रिकामं पडलेलं असतं. बबनराव म्हणजे माजी सरपंच; त्यांनी हॉल देऊ केला आणि बसल्या जागी स्वागताध्यक्ष होऊन गेले. मंडळाची एकच अट होती, की यजमान गावात भरपूर सभासद पाहिजेत. बबनरावांनी आठवड्याच्या आत अर्धं गाव सभासद करून टाकलं. सभासदाला मेळाव्यात जेवण होतं, आणि आलू-वांग्याची भाजी, पुरी नि बुंदी म्हटल्यावर फुलसावंगी मंगळावरसुद्धा गेली असती.

अशा रीतीनं ज्यांनी आयुष्यात विज्ञानकथेचं तोंड पाहिलं नव्हतं, असे शेदोनशे लोक तिचे मतदार झाले.

पुरस्कारासाठी तीन कथा आल्या. एक डोमाजीची, एक इंद्रजित सरांची, आणि एक मेडिकलच्या दुकानात बसणाऱ्या दीपाची. ते पाहून डोमाजी हरखला. मतदान म्हणजे निवड, निवड करायची म्हणजे तिन्ही कथा वाचणं आलं! त्यानं त्या दिवशी दोन वेळा दाढी केली. मथुराबाई म्हणाली, "पुरस्कार तं माघाच्या तोंडावर हाय. आत्ताच कायले गाल सोलून राह्यले?"

पण तीन नावं पाहून बबनराव ताडकन उठून उभे राहिले. तीन उमेदवार म्हणजे लढत! आणि लढत हा बबनरावांच्या घराण्याला लागेल असा सगळ्यात मोठा बट्टा. त्यांच्या काळात सोसायटी बिनविरोध झाली होती, गणपतीचं मंडळ बिनविरोध झालं होतं, पाणी सोडणाऱ्या गड्याची नेमणूकसुद्धा बिनविरोध झाली होती. भजनात मृदंग कोणी वाजवायचा हेही त्यांनी एकदा बिनविरोध करून दाखवलं होतं. ज्याला वाजवता येत होता त्यानं माघार घेतली, आणि गावानं वर्षभर ते सोसलं. गावाची एकी म्हणजे एकी!

तर बबनरावांनी पारावर बैठक बसवली. इंद्रजित सरांना मंचावर दोन मोठ्या पाहुण्यांच्या मधली खुर्ची आणि वर आभारप्रदर्शन देऊ केलं. सरांना आभार मानायचा लहानपणापासून नाद, त्यांनी जागेवर माघार घेतली. दीपा अडून बसली. मग तिला जीवनगौरव पुरस्कार जाहीर झाला. दीपाचं वय चोवीस.

"भाऊ, माहं जीवन तं आत्ता कुठं सुरू होऊन राह्यलं," ती म्हणाली.

"मंग आत्ताच गौरव घेऊन टाक," बबनराव म्हणाले. "मांगाहून सासरी टाइम भेटत नाही."

वडीलधारे सगळे समोर. करणार काय बिचारी? घेतली माघार.

तिथून थेट गुलाल, हार आणि बँडवाल्यांपैकी जेवढे घरी सापडले तेवढे घेऊन बबनराव डोमाजीच्या दारात. "डोमाजी, पेढे काढ! बिनविरोध निवडून आनला तुले!"

डोमाजीच्या गळ्यात हार पडला. गुलालानं डोळे चुरचुरले. त्यानं घाबरत घाबरत विचारलं, "म्हनजे... कथा आवडली सगळ्याइले?"

"कोनती कथा?"

"माही. वजन नसलेलं गाव."

"हां, थे! अरे, आता वाचाची गरजच कोनाले हाय? मतदानच नाही. लोकाइचा तरास वाचवला मी."

डोमाजी मटकन ओट्यावर बसला. ज्या दारातून वाचक यायचे होते त्या दाराला बबनरावांनी तोरण बांधून वर कुलूप लावलं होतं. ढोल वाजत होता, त्याला पेढे भरवत होते, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. लोक म्हणाले, पाहा, आनंद झाला म्हाताऱ्याला.

दुसऱ्या दिवसापासून डोमाजी गावभर विरोधक शोधत हिंडू लागला. अर्ज भरायला अजून मुदत होती. तांड्यावरचा धरमसिंग त्याचा जुना दोस्त, काट्यावर त्याचा ट्रॅक्टर यायचा. डोमाजी त्याच्याकडं गेला आणि म्हणाला, "धरमसिंग, माह्या विरोधात उभा राह्य."

धरमसिंग चरकला. "काहून? मी का बिघडवलं तुहं?"

"काही नाही बिघडवलं. दोस्तीखातर उभा राह्य."

"दोस्तीखातर विरोधात? अरे, दोन घास नीट खाऊन राह्यला का तू घरी?"

कोणी तयार होईना. गावाच्या एकीत बिब्बा घालणारा, हे नाव कोण लावून घेईल? वर लोकच त्याची समजूत काढायचे, की बाप्पा, आयतं ताटात पडून राह्यलं तर खा ना गुपचाप! डोमाजीचं जेवण तुटलं. भाकरीचा तुकडा हातात धरून तो आढ्याकडं पाहत बसायचा. मथुराबाईनं तीन दिवस पाहिलं, चौथ्या दिवशी तवा खाली आदळला.

"काय झालं काय तुमाले? जितले तरी रडता!"

"मले लढत पाह्यजे मथुरे. लढत असली तं लोक वाचतीन."

"एवढंच ना? मंग मी राह्यतो उभी."

"तू?"

"काहून? चाळीस वर्सं तुमच्या विरोधातच हाव ना मी? आता अर्ज भरून राह्यतो."

आता उभं राहायचं तर कथा पाहिजे. मथुराबाई मेडिकलमध्ये गेली, दीपाच्या पुढं बसली आणि तोंडानं सांगत सुटली. जीवनगौरवानं पोळलेली दीपा अशा संधीची वाटच पाहत होती; औषधाची गिऱ्हाइकं थांबवून तिनं टाइप केलं. कथा अशी, की वेचणीला बाया मिळत नाहीत, कापूस बोंडात लोंबून राहिला आहे, आणि वावरात उडती तबकडी उतरते. आतून हिरवी हिरवी माणसं निघतात. ती आली आहेत पृथ्वी जिंकायला. वावरातल्या बाईला वाटतं, मुकादमानं पाठवलेली माणसं उशिरा आली. ती त्यांना फाडफाड बोलते, त्यांच्या कमरेला फडकी बांधते आणि एकेकाला कापसाच्या एकेका तासाला, म्हणजे ओळीला, लावते. संध्याकाळपर्यंत सगळं वावर वेचून होतं. ती त्यांना अंबाडीची भाजी नि भाकर घालते, आणि उद्या सकाळी लवकर यायला सांगते. ती माणसं रातोरात पळतात आणि वर जाऊन सांगतात, त्या गोळ्यावर आधीच कोणाचं तरी राज्य आहे, तिकडं फिरकू नका.

बस्स! ही कथा दुपारी टाइप झाली आणि दिवेलागणीपर्यंत नळावर, चक्कीवर, बचत गटात पोचली. बाया पदर तोंडात कोंबून हसू लागल्या. "मथुराकाकू, मंग त्याइले मजुरी देली का?" "देली ना! हिरव्याले हिरवी मिरची देली!" वेचता वेचता बाया आभाळाकडं पाहून म्हणायच्या, उतरा बावा आता, तीन तास बाकी आहेत.

बबनराव धावत आले. नवरा-बायकोला समोरासमोर बसवलं, समजावलं. एकाच घरातला पुरस्कार आहे, कोणीही घ्या, पण बिनविरोध घ्या! मथुराबाई ऐकेना. म्हणाली, "भाऊ, आमच्या घरात आजपर्यंत बिनविरोध काहीच झालं नाही. भाजी कोनती कराची हेसुदिक नाही." बबनराव कपाळाला हात लावून गेले.

मग जे झालं ते फुलसावंगीनं विधानसभेलाही पाहिलं नव्हतं. गावानं दोघांना आपापली चिन्हं देऊन टाकली. डोमाजीला धरमकाटा, मथुराबाईला उडती तबकडी. ऑटोवर भोंगा बांधून प्रचार सुरू झाला, "ताई माई आक्का, तबकडीवर मारा शिक्का!" डोमाजीचे भाऊबंद काट्याकडं, मथुराबाईच्या माहेरचे तबकडीकडं. तिचं माहेर महागावचं, तिथून दोन गाड्या भरून माणसं आली, सभासद झाली आणि जेवणाची तारीख विचारून परत गेली. एका घरात सासू काट्याची नि सून तबकडीची, तर त्यांनी चुलीच वेगळ्या केल्या. कोणीतरी अफवा सोडली की काटा निवडून आला तर चंद्राचं वजन लागू होणार, आणि ते जुने पाटील काठी टेकत प्रचाराला उतरले, डोमाजीच्या विरोधात.

डोमाजी खुश होता. कथेच्या प्रती काढून तो सकाळपासून चौकात उभा राहू लागला. पहिला आला भावकीतला पुतण्या.

"वाच बेटा, आपली कथा हाय."

"काका, तुमालेच हाय मत. वाचाचं काय काम?"

डोमाजीनं दुसऱ्याला प्रत दिली. तो मथुराबाईच्या माहेरकडचा. त्यानं हात मागं घेतले. "जावईबापू, आमी तं बाईकडचे. वाचून कायले मन बदलवाचं? बरं नाही दिसत थे."

बघा आता! जे त्याचे होते ते आपले म्हणून वाचत नव्हते आणि जे त्याचे नव्हते ते परके म्हणून वाचत नव्हते. दुपारपर्यंत त्यानं सगळ्यांपुढं प्रत धरली. चहावाल्यानं एक घेतली तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. पण चहावाल्यानं तिच्यावर भजी ठेवून त्यालाच खायला दिली. डोमाजीनं भजी खाल्ली. भूक लागली होती. मग तेलकट पान घडी करून खिशात घातलं आणि मान खाली घालून तो घराकडं निघाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, आपण लिहिलं तेच चुकलं. काट्यावर बसून दुसऱ्यांचं वाचत राहिलो असतो तर निदान अब्रू तरी शाबूत राहिली असती.

घरी आला तर दुपारची वेळ, चूल थंड, आणि मथुराबाई ओट्यावर चष्मा लावून बसलेली. तिच्या मांडीवर 'वजन नसलेलं गाव'. बोट ओळीवर, ओठ हलत होते. डोमाजी फाटकातच थांबला. खोकायची सोय नव्हती, श्वास घ्यायची भीती. ती सातवी शिकलेली, हळूहळू वाचत होती. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मध्येच परत मागचं काढून पाहिलं. गल्लीतून प्रचाराचा ऑटो कोकलत गेला तरी तिनं मान वर केली नाही. शेवटचं पान संपलं. तिनं कागद नीट एकावर एक लावले, चष्मा काढला आणि तिला तो फाटकात दिसला.

"हे... काहून वाचून राह्यली तू?" डोमाजीनं विचारलं.

"समोरचा उमेदवार काय सांगून राह्यला, थे पाहा लागते ना? उद्या कोनी इचारलं तं?" ती म्हणाली आणि एकदम तापली. "पन हे काय लिवलं तुमी? हा मानूस तेवढ्या दूर, त्या गोळ्यावर एकटाच राह्यते. काट्यावर एकटाच बसते. याची बायको कुठं हाय?"

डोमाजी चाचरला. "बायको... कथेत नाही ना ती."

"काहून नाही?"

"गरज नव्हती... कथेले."

"कथेले नव्हती, का तुमाले नव्हती?"

डोमाजीनं खिशातली तेलकट घडी चाचपली.

"आन् शेवटी थो निरोप पाठवते. 'मी इथं आहे, कोणी आहे का?' चाळीस वर्सं थो निरोप आभायात फिरते आन् उचलाले कोनीच नाही?" डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तोंडानं शिव्या. "कोनीच नाही? मंग मी काय मेली होती का? अं? मी अठीच होती ना! कोनाले पाठवला थो निरोप? नाव काहून नाही टाकलं त्याच्यावर?"

इतकी वर्षं डोमाजीला वाटत होतं, आपली कथा गुरुत्वाकर्षणावर आहे.

तो येऊन तिच्या शेजारी ओट्यावर बसला. मग त्यानं विचारलंच. लेखकाची जात, राहवतं का? "पन... कशी वाटली?"

मथुराबाईनं पदरानं नाक पुसलं. "खरं सांगू?"

"सांग."

"लय रडवलं तुमी. पन मत मी मलेच देनार. माही कथा जास्त चांगली हाय."

"हाय," डोमाजी म्हणाला. "मी वाचली ना. लय चांगली हाय."

तेवढ्यात बबनराव आले, घामाघूम. गावात तीन ठिकाणी बोलाचाली झाली होती, एक ठरत आलेली सोयरीक तबकडीवरून ताणली होती, आणि पाहुणे मंडळी मेळाव्याला येण्यापूर्वी हे मिटवणं भाग होतं. त्यांनी टोपी काढून डोमाजीच्या पुढं धरली. "डोमाजी, माही इज्जत तुह्या हातात हाय. सारी गिनती करून आलो मी. तू हारून राह्यला, पक्का हारून राह्यला. माघार घे, वहिनी बिनविरोध होतीन, तुही बी लाज राहीन आन् गावाची बी. तुले मी जीवनगौरव देतो. दीपाचा काढून देतो!"

डोमाजीनं बायकोकडं पाहिलं. मग त्यानं टोपी उचलली, झटकली आणि परत बबनरावांच्या डोक्यावर नीट बसवली.

"नाही भाऊ. माघार नाही. अख्ख्या गावात एकच मत माही कथा वाचून पडनार हाय, आन् थे माह्या विरोधात हाय. थे मत पडू द्या."